अमेरिकेत कागदपत्रं नाहीत, इन्शुरन्स नाही आणि इमर्जन्सी आली: काय करायचं, बिल कोण भरतं आणि वादातले आकडे कसे तपासायचे

ऑक्टोबर २०२५ मध्ये बजेट मंजूर न झाल्याने अमेरिकेतलं केंद्र सरकार बंद पडलं, ४३ दिवस बंद होतं, आणि त्या सगळ्या काळात टीव्हीवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच भांडण चालू होतं. एक जण म्हणायचा की बेकायदा राहणाऱ्यांना फुकट उपचार मिळतात आणि ते आपल्या टॅक्समधून जातात, दुसरा तितक्याच जोरात म्हणायचा की छे, त्यांना एक डॉलरसुद्धा मिळत नाही. दोन्ही अर्धवट. मी इथे आपल्या लोकांना हॉस्पिटलचे फॉर्म भरायला, बिलं वाचायला मदत करते आणि मला या भांडणाचा त्रास यासाठी होतो की ही अर्धवट माहिती शेवटी ज्याच्या जिवावर बेततं त्याच्याकडे पोचते. ज्याचा व्हिसा संपलाय, जो कॅश पगारावर कुठेतरी काम करतोय, त्याच्या कानावर येतं की गेलास तर पकडतील, गेलास तर लाखभर डॉलरचं बिल लावतील. मग तो दुखणं अंगावर काढतो, शेवटी अँब्युलन्सने जातो, बिल दसपट होतं आणि तेच बिल पुढच्या भांडणात पुरावा म्हणून येतं.

आणि "आपल्यात असं कोणी नसतं" हे मनातून काढून टाका. २०२२ साली अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणारे भारतीय किती, यावर प्यू रिसर्चचा अंदाज साधारण ७ लाख होता आणि इमिग्रेशन बघणाऱ्या सरकारच्याच होमलँड सिक्युरिटी खात्याचा २ लाख २० हजार. हा फरक लक्षात ठेवा, पुढे आकड्यांबद्दल बोलताना कामाला येईल. पण कमीत कमी आकडा धरला तरी हे लोक तुमच्या माझ्या ओळखीतलेच कोणीतरी आहेत.

आधी इआरमध्ये (इमर्जन्सी रूममध्ये) जा, पैशाचं नंतर

१९८६ साली रेगन राष्ट्राध्यक्ष असताना एक कायदा झाला, त्याला सगळे एमटाला म्हणतात. मेडिकेअरचे (म्हाताऱ्यांच्या सरकारी इन्शुरन्सचे) पैसे घेणाऱ्या आणि इमर्जन्सी रूम असलेल्या हॉस्पिटलला (म्हणजे इथली जवळजवळ सगळीच) दारात आलेल्या कोणाचीही तपासणी करावीच लागते, आणि इमर्जन्सी निघाली तर पेशंट स्थिर होईपर्यंत उपचार करावे लागतात किंवा रीतसर दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवावं लागतं. पैसे आहेत का, इन्शुरन्स आहे का, नागरिक आहात का, याने काही फरक पडत नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या असतील तर तेही यात येतं. पैशाची चौकशी करण्यासाठी तपासणी लांबवणं हे कायद्यात बसत नाही.

त्यामुळे छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात न उचलणं, खूप रक्त जाणं, बाळाला ताप आणि ते जागं होत नाही, अशा वेळी ९११ किंवा सरळ इआर. काउंटरवर पहिलं वाक्य त्रासाचं बोला, "छातीत दुखतंय, अर्धा तास झाला, डावा हात जड झालाय". आपले लोक काय करतात तर पहिलं वाक्य "माझ्याकडे इन्शुरन्स नाही" असं बोलतात, अगदी माफी मागितल्यासारखं. त्याची काही गरज नाही, तो प्रश्न नंतर येईल आणि तेव्हा उत्तर द्यायचं.

दोन मर्यादा मात्र नीट समजून घ्या. रस्त्याच्या कडेचं अर्जंट केअर किंवा एखाद्या डॉक्टरचं खाजगी क्लिनिक साधारणपणे या कायद्यात येत नाही, ते परत पाठवू शकतात. आणि कायदा फक्त स्थिर करण्यापुरता आहे. हाड मोडलं तर स्प्लिंट लावून वेदनेचं औषध देऊन "आठवड्याभरात ऑर्थोपेडिककडे जा" असा कागद हातात देतील, तो ऑर्थोपेडिक तुम्हाला पैशाशिवाय बघेलच असं नाही. पोटात गाठ आहे हे इआरमधल्या स्कॅनमध्ये कळेल पण केमोथेरपी एमटालामुळे मिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उपचार करावे लागतात म्हणजे ते फुकट आहेत असं नाही, बिल येतंच. बरेच लोक इथेच घोळ करतात, एक बाजू म्हणते फुकट आहे आणि दुसरी बाजू तेच ऐकून निर्धास्त होते.

रजिस्ट्रेशनला काय सांगायचं, काय नाही

मनगटाला पट्टा लावला की थोड्या वेळाने एक बाई किंवा माणूस कॉम्प्युटरची ट्रॉली ढकलत पलंगापाशी येतो, नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, इन्शुरन्स, सोशल सिक्युरिटी नंबर. नाव आणि जन्मतारीख खरी द्या. नंबर नसेल तर "नाहीये" एवढंच म्हणा, त्यावाचून रजिस्ट्रेशन होतं. कोणाचा तरी नंबर सांगणं किंवा चुलतभावाचं इन्शुरन्स कार्ड दाखवणं हे कधीही करू नका. तो गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तुमची तपासणी त्याच्या रेकॉर्डला चिकटते, त्याची ॲलर्जी तुमच्या नावावर येते, तुमचा रक्तगट त्याच्या नावावर जातो, आणि पुढच्या वेळी दोघांपैकी कोणाच्या तरी जिवावर येतं.

इमिग्रेशन स्टेटस बहुतेक राज्यांत इआरमध्ये विचारतच नाहीत. फ्लोरिडात २०२३ च्या कायद्याने मेडिकेड (गरिबांचा सरकारी इन्शुरन्स) घेणाऱ्या हॉस्पिटलना ॲडमिशनच्या फॉर्मवर तो प्रश्न ठेवावा लागतो, टेक्सासमध्ये गव्हर्नर ॲबट यांच्या ऑगस्ट २०२४ च्या आदेशाने १ नोव्हेंबर २०२४ पासून हॉस्पिटलं ती माहिती गोळा करतात. दोन्हीकडे उत्तर न देण्याची मुभा आहे आणि उत्तरामुळे उपचार थांबत नाहीत. खोटं सांगायचं नाही, "उत्तर द्यायचं नाही" असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

भाषेचं सांगते. हॉस्पिटलने इंटरप्रिटर फुकट द्यायचा असतो, फोनवर किंवा व्हिडिओवर मराठी मिळतो, मागा. आईवडिलांचं सांगायला दहा वर्षांच्या नातवाला उभं करू नका, त्याला "तडे गेल्यासारखं दुखतं" आणि "जळजळतं" यातला फरक इंग्रजीत सांगता येत नाही आणि डॉक्टर त्या फरकावरच पुढची तपासणी ठरवतात. हिंदीचा माणूस दिला आणि आजींना हिंदी धड येत नसेल तर "मराठीच हवा" असं ठामपणे सांगा.

पकडतील का?

हा प्रश्न मला पैशापेक्षा जास्त वेळा विचारला जातो. आधी हॉस्पिटल, शाळा, देवळं अशा जागी इमिग्रेशनची कारवाई शक्यतो करायची नाही असं धोरण होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकलं. म्हणजे "हॉस्पिटलात येऊच शकत नाहीत" हे आता कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण वेटिंग रूम ही सार्वजनिक जागा आणि उपचारांचा भाग खाजगी, तिथे शिरायला सहसा न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट लागतं, इमिग्रेशन खात्याने स्वतःच सही केलेला कागद आणि कोर्टाचं वॉरंट या वेगळ्या गोष्टी आहेत. पेशंटची माहिती हॉस्पिटल आपणहून कोणाला देत नाही, प्रायव्हसीचा कायदा, हिपा, सगळ्यांना सारखाच लागू आहे, नागरिक असो नसो.

मेडिकेडच्या बाबतीत मात्र जास्त सावध राहा. जून २०२५ मध्ये मेडिकेडच्या लाभार्थ्यांची माहिती केंद्राने होमलँड सिक्युरिटीला दिल्याचं बाहेर आलं, त्यावर २० राज्यं कोर्टात गेली, आणि तेव्हापासून काय द्यायचं काय नाही याचे आदेश बदलत आलेत. म्हणून माझा सल्ला असा की जीव धोक्यात असताना हा विचार अजिबात नको, सरळ जा. पण नंतर मेडिकेडचा अर्ज भरायच्या आधी, विशेषतः डिपोर्टेशनची केस चालू असेल तर, एखाद्या लीगल एडच्या इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा, अर्ज करायला वेळ असतो, एका दिवसाने काही बिघडत नाही. पुढे ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा असेल तर "पब्लिक चार्ज" बद्दलही (म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहाल म्हणून ग्रीन कार्ड नाकारणं) त्यालाच विचारा. २०२२ च्या नियमाप्रमाणे इमर्जन्सी मेडिकेड धरलं जात नाही, पण तो नियम रद्द करायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये आलाय, तेव्हा जुन्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नका.

बिल: पहिला रस्ता इमर्जन्सी मेडिकेड

कागदपत्रं नसलेल्या माणसाला पूर्ण मेडिकेड मिळत नाही, मेडिकेअर नाही, ओबामाकेअरच्या (२०१० च्या आरोग्य कायद्याच्या) मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी इन्शुरन्स बाजारात, स्वतःचे पूर्ण पैसे भरूनसुद्धा इन्शुरन्स घेता येत नाही. केंद्राच्या पातळीवर हे असंच आहे आणि १९९६ चा क्लिंटन यांच्या काळातला वेल्फेअर कायदा त्याचा मोठा आधार. अपवाद एकच ठेवला, इमर्जन्सी. उत्पन्न वगैरे सगळं मेडिकेडच्या नियमात बसतंय, फक्त इमिग्रेशन स्टेटस आडवं येतंय, अशा माणसाच्या इमर्जन्सीचे पैसे मेडिकेड हॉस्पिटलला देतं. माणसाच्या हातात काही येत नाही.

आता "उत्पन्न वगैरे बसतंय" यात खूप काही लपलेलं आहे. ज्या ४० राज्यांनी मेडिकेड वाढवलं, म्हणजे जास्त प्रौढांना त्यात घेतलं, तिथे प्रौढ माणसाची मर्यादा गरिबी रेषेच्या १३८ टक्के, २०२५ च्या हिशोबाने एकट्याला वर्षाला साधारण २१,६०० डॉलर. टेक्सास, फ्लोरिडा यांनी वाढवलं नाही, तिथे मूलबाळ नसलेला धडधाकट एकटा तरुण कितीही गरीब असला तरी मेडिकेडच्या कुठल्याच गटात बसत नाही, मग इमर्जन्सी मेडिकेडमध्येही नाही. म्हणजे ज्या राज्यांत या विषयावर सगळ्यात जास्त बोंबाबोंब होते तिथे त्या तरुणाचं बिल सरकार नाही, हॉस्पिटल किंवा तो स्वतः सोसतो. आणि दोन महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील यात बसत नाहीत कारण त्या राज्याचं रहिवासी असावं लागतं. त्यांच्यासाठी निघायच्या आधीच ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि जुन्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या त्रासाचं त्यात काय लिहिलंय तेवढं पान तरी पूर्ण वाचा.

अर्ज कसा: घरी जायच्या आधीच नर्सला सांगा की फायनान्शियल काउन्सेलर किंवा सोशल वर्करला भेटायचंय. ते स्वतःच फॉर्म काढतात कारण मेडिकेड मंजूर झालं तर हॉस्पिटललाच पैसे मिळतात, त्यांचा फायदा आहे. उत्पन्नाचा पुरावा लागतो, कॅश काम असेल तर मालकाचं पत्र किंवा स्वतःचं लेखी निवेदन चालतं का ते विचारा. राहण्याचा पुरावा, विजेचं बिल, भाडेकरार. आणि डॉक्टरकडून इमर्जन्सी होती हे लिहून लागतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ती तारीख नीट बघा कारण ॲडमिट पाच दिवस आणि फॉर्मवर दोन दिवस असं झालं तर उरलेले तीन दिवस तुमच्या डोक्यावर. डिस्चार्ज झाला, कोणी काही सांगितलंच नाही, तरी अर्ज करता येतो, मेडिकेड आजवर साधारण तीन महिने मागचं बिल घेत आलंय.

दुसरा रस्ता: हॉस्पिटलची चॅरिटी केअर

मेडिकेड नाकारलं किंवा तुम्हाला तो अर्जच करायचा नसेल तर हा. नफा न कमावणाऱ्या (नॉनप्रॉफिट) हॉस्पिटलला टॅक्समधून सूट मिळते, त्या बदल्यात ओबामाकेअर कायद्याने त्यांना लेखी आर्थिक मदतीची पॉलिसी ठेवावी लागते, ती मागितली की फुकट द्यावी लागते. डिस्चार्जनंतरचं पहिलं बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो आणि पहिले १२० दिवस कोर्टकचेरी, क्रेडिट रिपोर्ट खराब करणं असले प्रकार करता येत नाहीत. पात्र ठरलात तर इन्शुरन्सवाल्यांना सर्वसाधारणपणे जेवढं लावतात त्यापेक्षा जास्त लावता येत नाही, पुष्कळदा पूर्ण माफ होतं. बऱ्याच पॉलिसींमध्ये उत्पन्न आणि पत्ता बघतात, स्टेटस नाही, पण प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी, आणि काही ठिकाणी आधी मेडिकेडचा अर्ज करा म्हणतात, तेव्हा पॉलिसीचा कागद हातात घेऊन वाचा.

पैसे भरायच्या आधी आयटमाइज्ड बिल मागा, म्हणजे एक एक ओळ दिसणारं. त्यात इआरच्या भेटीचा कोड असतो, ९९२८१ ते ९९२८५, शेवटचा आकडा जितका मोठा तितकी भेट गुंतागुंतीची आणि महाग. ताप बघून गोळी देऊन घरी पाठवलंय आणि कोड ९९२८५ लावलाय असं दिसलं तर बिलिंगला लेखी विचारा, ते तपासायला लागतात. तीच तपासणी दोनदा लावलेली, न घेतलेलं औषध, हेही सापडतं. इआरचे डॉक्टर, रेडिओलॉजी आणि अँब्युलन्स यांची बिलं बऱ्याचदा वेगळ्या कंपन्यांकडून येतात आणि हॉस्पिटलने माफ केलं म्हणजे ती माफ झाली असं नसतं, त्यांना वेगळा फोन, वेगळा अर्ज. आणि कृपा करून घाबरून क्रेडिट कार्डावर भरू नका. तसं केलं की हॉस्पिटलचं देणं संपतं, बँकेचं व्याज सुरू होतं आणि चॅरिटी केअर मागायला काही उरत नाही. बिलाकडे कानाडोळाही करू नका, ते पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांचे २४० दिवस तिथेच संपतात.

आता वादातले आकडे

कोणी आकडा फेकला की मी तीन गोष्टी विचारते. हा हॉस्पिटलने लावलेला दर आहे, प्रत्यक्ष खर्च आहे, की सरकारने खरंच दिलेले पैसे? हे पैसे केंद्राचे, राज्याचे की हॉस्पिटलचे? आणि एकूण कितीपैकी?

टेक्सासचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ या एका महिन्यात कागदपत्रं नसलेल्यांच्या हॉस्पिटलांत ३१ हजारांवर भेटी आणि १२ कोटी १८ लाख डॉलर खर्च असा आकडा राज्याने दिला. आकडा मोठा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो खर्चाचा आकडा आहे, त्यातलं किती पेशंटनी भरलं, किती मेडिकेडने दिलं, किती बुडलं हे वेगवेगळे प्रश्न, आणि लोकांना उत्तर न देण्याची मुभा असल्यामुळे तो वरही असू शकतो खालीही. दुसऱ्या बाजूला देशभराचं इमर्जन्सी मेडिकेड २०२३ च्या आर्थिक वर्षात साधारण ३.८ अब्ज डॉलर होतं, एकूण मेडिकेडच्या ०.४ टक्के. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) बजेट ऑफिसने २०१७ ते २०२३ या सात वर्षांचा केंद्र आणि राज्यं मिळून आकडा २७ अब्ज दिलाय. आता कोणी "२७ अब्ज" म्हणेल आणि कोणी "अर्धा टक्कासुद्धा नाही" म्हणेल, दोघेही खरं बोलत असतील, म्हणून तिसरा प्रश्न, कितीपैकी आणि किती वर्षांचं, तो सोडू नका.

टॅक्सचंही तसंच. आयटेप या संस्थेच्या हिशोबाने कागदपत्रं नसलेल्यांनी २०२२ मध्ये ९६.७ अब्ज डॉलर टॅक्स भरला, त्यात मेडिकेअरचा ६.४ अब्ज, जी मेडिकेअर त्यांना मिळणारच नाही. हे ऐकून एक बाजू म्हणते, झालं, हिशोब फिटला. मला नाही वाटत. त्यातला मोठा वाटा, ५९.४ अब्ज, वॉशिंग्टनला जातो आणि न भरलेलं बिल राहतं सीमेजवळच्या एखाद्या काउंटी हॉस्पिटलात, त्या दोघांमध्ये पैशाची ये-जा नाही. एमटालाने हॉस्पिटलवर जबाबदारी टाकली पण सोबत पैसे दिले नाहीत. २००३ च्या मेडिकेअर कायद्यात कलम १०११ घालून केंद्राने २००५ ते २००८ अशी चार वर्षं दरवर्षी २५ कोटी डॉलर या हॉस्पिटलांसाठी ठेवले होते, एक तृतीयांश खास सीमेवर सगळ्यात जास्त धरपकड होणाऱ्या सहा राज्यांना, पुढे तरतूद संपली आणि कोणी परत आणली नाही. म्हणून सीमेजवळचं हॉस्पिटल चालवणारा माणूस "आम्ही बुडतोय" म्हणतो तेव्हा त्याला द्वेष पसरवणारा म्हणू नका, त्याची तक्रार खरी आहे, फक्त तिचा पत्ता पेशंट नाही, वॉशिंग्टन आहे.

आणि इन्शुरन्स नसलेले म्हणजे सरसकट बेकायदा असंही नाही, या देशात इन्शुरन्स नसलेल्यांत बहुसंख्य इथले नागरिकच आहेत.

डायलिसिसवरून सगळं कळतं

ज्याला या वादात खरंच मत बनवायचंय त्याने किडनी फेल झालेल्या पेशंटचं काय होतं ते बघावं. नियमित डायलिसिस आठवड्यातून तीनदा लागतं. बऱ्याच राज्यांत कागदपत्रं नसलेल्या माणसाला नियमित डायलिसिसचे पैसे कोणी देत नाही, इमर्जन्सी झाली तरच. मग तो घरी थांबतो, अंगात पाणी साचत जातं, पाय सुजतात, आडवं झोपता येत नाही, रात्र खुर्चीत बसून काढतो. श्वास लागायला लागला की इआरमध्ये येतो, तिथे रक्त घेऊन पोटॅशियम बघतात, ईसीजी काढतात, आणि आकडा पुरेसा वाईट नसेल तर "अजून इमर्जन्सी नाही" म्हणून परत पाठवतात. परत पाठवलेला माणूस पार्किंगमध्ये किंवा नातेवाइकाच्या गाडीत बसून वाईट व्हायची वाट बघतो. काही जण डायलिसिस मिळावं म्हणून मुद्दाम केळी, संत्र्याचा रस असलं पोटॅशियम वाढवणारं खातात, हृदय बंद पडायचा धोका पत्करून.

डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पेशंटची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये आला, फक्त इमर्जन्सीत डायलिसिस मिळणाऱ्यांचा पाच वर्षांतला मृत्यूचा धोका नियमित मिळणाऱ्यांच्या साधारण १४ पट. पुढच्याच वर्षी डॅलसचा अभ्यास आला, तिथे काही पेशंटना खाजगी इन्शुरन्स मिळवून नियमित डायलिसिसवर नेलं होतं. वर्षभरात मृत्यू ३ टक्के, इमर्जन्सीवाल्यांत १७ टक्के. आणि खर्च? नियमित डायलिसिसवाल्यांचा दर माणशी दर महिन्याला ५,७६८ डॉलरने कमी. कोलोरॅडोने फेब्रुवारी २०१९ पासून किडनी फेल होणं हीच इमर्जन्सी असं धरून नियमित डायलिसिस इमर्जन्सी मेडिकेडमध्ये घेतलं, केंद्राचा कायदा न बदलता, नुसती व्याख्या राज्याने बदलून.

माझं म्हणणं सगळं यावर उभं आहे. कायद्याने या लोकांसाठी एकच दार उघडं ठेवलंय आणि ते हॉस्पिटलातलं सगळ्यात महाग दार आहे. ज्याला खर्च कमी व्हावा असं मनापासून वाटतं आणि ज्याला माणूस वाचावा असं वाटतं, या दोघांचं डायलिसिसवर एकमत व्हायला हवं, भांडण्यासारखं तिथे काहीच नाही. बाळंतपणाचंही तेच, नॉर्थ कॅरोलिनाच्या एका जुन्या अभ्यासात इमर्जन्सी मेडिकेडचा ८२ टक्के खर्च बाळंतपणं आणि त्यातल्या गुंतागुंतीचा होता. नऊ महिने तपासणी नाही आणि कळा सुरू झाल्या की सगळं, असं करण्यात कोणाचे पैसे वाचले? बऱ्याच राज्यांनी गरोदरपणासाठी चिप (मुलांचा सरकारी इन्शुरन्स) कार्यक्रमातून वेगळी सोय केलीय, त्यात आईचं स्टेटस बघत नाहीत, दिवस गेल्याचं कळल्यावर लगेच चौकशी करा.

इमर्जन्सी व्हायच्या आधी

बीपी, शुगर, दमा यासाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. सरकारी अनुदानावर चालतात, उत्पन्नाप्रमाणे फी, आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. जुलै २०२५ मध्ये केंद्राने तिथेही स्टेटसची अट आणायचा प्रयत्न केला, २० राज्यांत कोर्टाने तो थांबवलाय, तेव्हा जायच्या आधी फोन करून आत्ता काय विचारतात ते विचारा. इन्सुलिन चार दिवसांचं उरलं असेल तेव्हा जा, संपल्यावर नको.

कागदपत्रं नसलेल्यांसाठी काही राज्यांनी स्वतःच्या पैशाने काढलेल्या योजना सध्या आटतायत. इलिनॉयने ४२ ते ६४ वयाच्या लोकांची योजना जुलै २०२५ ला बंद केली, मिनेसोटाने प्रौढांची २०२५ च्या शेवटी, आणि कॅलिफोर्नियाने, जिने १ जानेवारी २०२४ ला सगळ्या वयांना मेडिकॅल (तिथलं मेडिकेड) दिलं होतं, तिने जानेवारी २०२६ पासून प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. कॅलिफोर्नियात आधीपासून असाल तर रिन्यूअलचं पाकीट अजिबात चुकवू नका, एकदा बाहेर पडलात की परत आत घेणं अवघड आहे, आणि पत्ता बदलला असेल तर काउंटीला आधी कळवा.

जुलै २०२५ च्या मोठ्या बजेट कायद्यातल्या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. १ ऑक्टोबर २०२६ पासून मेडिकेड वाढवलेल्या राज्यांना कागदपत्रं नसलेल्या प्रौढांच्या इमर्जन्सी मेडिकेडसाठी केंद्राकडून मिळणारा ९० टक्क्यांचा वाटा कमी होतो, तुमची पात्रता त्याने बदलत नाही पण राज्याच्या खिशावर भार येतो, त्यामुळे अर्ज जास्त बारकाईने तपासले जातील असं मला वाटतं, म्हणून कागद पूर्ण ठेवा. आणि १ जानेवारी २०२७ पासून मागचं बिल घ्यायची तीन महिन्यांची मुदत कमी होतेय, वाढीव मेडिकेडच्या गटातल्या प्रौढांना एकच महिना, बाकीच्यांना दोन. त्यानंतर डिस्चार्ज झाल्यावर "बघू सावकाश" चालणार नाही, त्याच आठवड्यात अर्ज टाकायचा.